कुत्रा आणि मसाले: मिरचीला घाबरता, पण कांद्याची पावडर बघता का?

आमच्या बंड्याने एकदा ओट्यावरची मिक्स मसाल्याची पुडी खाली ओढली, दातांनी फाडली आणि मी धावत पोचेपर्यंत अर्धी चाटून पण टाकली होती. नाक लाल पावडरीने माखलेलं, एकामागून एक शिंका, डोळ्यांतून पाणी, आणि तरी शेपूट हलवतोय. मी घाबरून व्हेटना फोन लावला आणि एका दमात सांगत सुटले की याने मिरची खाल्ली, मिरची खाल्ली. ते म्हणाले, मिरचीचं राहू द्या, पुडीच्या मागे काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा, कांदा-लसूण आहे का त्यात, मीठ कितव्या नंबरवर आहे, आणि बंड्याचं वजन किती? मला वाटलं हे काय विचारतायत, इथे कुत्रा शिंकून शिंकून बेजार झालाय आणि यांना वजन हवंय.

नंतर शांत डोक्याने वाचत बसले तेव्हा त्या प्रश्नांचा अर्थ लागला. आपण सगळे तिखटाला घाबरतो कारण ते लगेच दिसतं, कुत्रा लाळ गाळतो, पाणी पितो, पळत सुटतो. पण कुत्र्याचं खरं नुकसान करणारे पदार्थ बहुतेक वेळा असला काही गोंधळ घालत नाहीत. ते गपचूप आत जातात आणि दोन-चार दिवसांनी हिशेब मागतात.

आता मुळात 'मसाले कुत्र्याला चालतात का' हा प्रश्नच जरा गंडलेला आहे. मसाला हा शब्द आपल्या स्वयंपाकाच्या सोयीचा, शरीराला त्याचं काही देणंघेणं नाही. दालचिनी ही झाडाची साल, जिरं हे बी म्हणून वापरलं जाणारं फळ, आलं-हळद जमिनीखालचे कंद, लवंग म्हणजे न उमललेली कळी, आणि प्रत्येकात वेगळं रसायन. झाडांनी ही रसायनं मुळात किड्यांना, बुरशीला, चरायला येणाऱ्या जनावरांना लांब ठेवायला बनवली, आपल्याला त्यांचा वास आवडला तो भाग वेगळा. त्यामुळे कुठलाही मसाला आला की विचारायचं एवढंच, आत रसायन कुठलं आहे, ते ओलं आहे की पावडर आहे की तेल आहे, कुत्रा किती किलोचा आहे, आणि सोबत अजून काय काय पोटात गेलंय. ३० किलोच्या लॅब्राडोरला जे कळणारही नाही ते ३ किलोच्या चिहुआहुआला दवाखान्यात नेऊ शकतं, साधं गणित आहे पण घाईत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

सगळ्यात आधी कांदा आणि लसूण घेऊ. कोणी म्हणेल हे कुठे मसाले, या तर भाज्या. बरोबर, पण त्यांची सुकी पावडर बऱ्याच तयार मसाल्यांमध्ये, सूपच्या पाकिटात, स्टॉकच्या क्यूबमध्ये, चिप्सवर भुरभुरलेल्या चूर्णात असते, त्यामुळे कुत्र्याच्या पोटात हे मसाला म्हणूनच जातात. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लीक, चाईव्ह्ज हे सगळे एकाच घराण्यातले, अॅलियम नावाचं. चिरताना जो झोंबरा वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि लोचा नेमका त्यांचाच आहे.

होतं काय की ही संयुगं पचनातून रक्तात जातात आणि तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनचं ऑक्सिडेशन करतात, सफरचंद कापून ठेवलं की काळपट पडतं तसलाच काहीसा प्रकार पेशीच्या आत घडतो असं समजा. बिघडलेलं हिमोग्लोबिन गुठळीसारखं जमतं आणि पेशीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला फोड आल्यासारखं दिसतं, त्याला हाइन्झ बॉडी म्हणतात, रॉबर्ट हाइन्झ या जर्मन डॉक्टरच्या नावावरून, त्याने १८९० मध्ये याचं वर्णन केलं होतं. मग प्लीहा अशा खराब पेशी ओळखून बाजूला काढते, काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, आणि नवीन पेशी तयार व्हायला वेळ लागतो, तोवर जुन्या भराभर कमी होत जातात. म्हणजे रक्तक्षय. आपण बिनधास्त कांदा खातो आणि कुत्र्यालाच का बाधतो, तर कुत्र्याच्या हिमोग्लोबिनवर अशा हल्ल्याला बळी पडणाऱ्या जागा बाकीच्या बहुतेक प्राण्यांपेक्षा जास्त असतात. मांजरांमध्ये त्याहून जास्त, म्हणून घरात मांजर असेल तर डबल काळजी. अकिता, शिबा इनू अशा काही जपानी जातींच्या कुत्र्यांना हे आणखी पटकन होतं. आणि हे काही आत्ताचं फॅड नाहीये बरं का, कुत्र्यांना कांदा खायला घालून रक्तक्षय होतो हे १९३० सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आलंय.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. पहिल्या दिवशी कदाचित एखादी उलटी, कदाचित काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा मलूल, जिना चढायला कंटाळा, हिरड्या गुलाबीच्या फिकट पांढुरक्या झालेल्या, दम लागतोय, लघवी लालसर किंवा चहासारखी तपकिरी. तोपर्यंत रविवारी त्याने काय चाटलं होतं ते कोणाला आठवणार? मग लोक सांगतात, डॉक्टर अचानक आजारी पडला हो.

किती खाल्लं की धोका? कुत्र्यांमध्ये वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात लक्षणीय फरक दिसल्याची नोंद आहे, पण व्हेट लोक त्याच्या बरंच अलीकडे सावध होतात, एका वेळेला शरीराच्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधा धरूनच चालतात. ५ किलोच्या कुत्र्यासाठी ०.५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, मध्यम कांद्याची एक छोटी फोड. आता पावडरीचं बघा. ओल्या कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते उडवून पावडर केली की तेवढाच ऐवज आठ-दहापट कमी वजनात येऊन बसतो. म्हणजे २५ ग्रॅम कांद्याचं काम साधारण ३ ग्रॅम पावडर करते, एक छोटा चमचा आणि वर चिमूटभर. म्हणून व्हेट पुडी वाचायला सांगतात. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने हा गुण जात नाही. आणि सूपमधून कांद्याचे तुकडे वेचून काढले म्हणजे झालं असंही नाही, शिजताना ती संयुगं पाण्यात उतरतात, त्यामुळे कुत्र्यासाठी चिकन उकडायचं तर पहिल्यापासूनच कांदा-लसूण न घालता वेगळं उकडा. थोडं थोडं रोज मिळत राहिलं तरी नुकसान साचत जातं, हा मुद्दा लोक हमखास विसरतात, 'आमचा तर रोज खातो, काही होत नाही' म्हणणाऱ्यांच्या कुत्र्याचं रक्त कोणी तपासलेलं नसतं.

लसणावरून मात्र लोक हमरीतुमरीवर येतात. एक गट म्हणतो विष आहे, दुसरा म्हणतो अहो आम्ही तर गोचिड्या जाव्यात म्हणून रोज पाकळी देतो. खरं काय आहे? वजनाला वजन धरलं तर लसूण कांद्यापेक्षा जास्त तीव्र मानला जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानमधल्या संशोधकांनी कुत्र्यांना सात दिवस रोज लसणाचा अर्क दिला, किलोमागे ५ ग्रॅम अख्ख्या लसणाइतका. म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला रोज २५ ग्रॅम, सात-आठ पाकळ्या. तांबड्या पेशींना इजा झालेली स्पष्ट दिसली, पण एकाही कुत्र्याला तेवढ्यात प्रत्यक्ष रक्तक्षयाचा आजार झाला नाही. आता यातून दोन्ही गट आपापल्या सोयीचं उचलतात. माझं मत विचाराल तर लसणाचा वास असलेलं एखादं बिस्कीट खाल्लं म्हणून रात्रभर जागायची गरज नाही, पण औषध म्हणून रोज द्यायचंही काही कारण नाही, कारण गोचिड्या-पिसवा लसणाने जातात याला धड पुरावा नाहीये आणि पेशी बिघडतात याला मात्र आहे. गोचिडीसाठी व्हेट जे औषध देतात ते वापरा ना.

मीठ. याला तर कोणी मसाला म्हणतच नाही म्हणून ते नजरेतून सुटतं, पण बऱ्याच तयार मिश्रणांमध्ये ते भरपूर असतं. कुत्र्याला मीठ अजिबात चालत नाही ही अफवा आहे, सोडियम त्यालाही लागतं आणि त्याच्या खाण्यात ते असतंच. अडचण एकदम जास्त गेल्यावर येते. किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ एका वेळेला पोटात गेलं की लक्षणं सुरू होऊ शकतात आणि ४ ग्रॅमच्या आसपास जीवावर बेतू शकतं. छोटा सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम, तर ५ किलोच्या पिल्लाला दोन चमचे म्हणजे प्रकरण गंभीर. रक्तात सोडियम वाढलं की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, मेंदूच्या पेशी आक्रसतात, मग उलट्या, खूप तहान, झोकांड्या, थरथर, फिट्स. मुलांना खेळायला मीठ घालून कणीक मळतात ना, ती कुत्र्याने खाल्ल्याच्या केसेस याच प्रकारातल्या. आणि एक कळकळीने सांगते, कुत्र्याने काहीही खाल्लं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जो जुना उपाय आहे तो कृपा करून करू नका. त्याने आधीच्या विषात दुसऱ्या विषाची भर पडते.

जायफळ. यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. एखाद्या गोड पदार्थात किसून घातलेलं किंचित जायफळ चाटण्यात आलं तर सहसा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही, पण अख्खं जायफळ चावून गिळलं किंवा पावडरीचा डबा फस्त केला तर गोष्ट वेगळी. माणसालासुद्धा ५ ग्रॅमच्या आसपास जायफळ बाधू शकतं, कुत्रा तर लहान. मग ते जनावर भांबावल्यासारखं करतं, नसलेल्या गोष्टींकडे बघून दचकतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, तोंड कोरडं पडतं, पोट दुखतं, जास्तच गेलं असेल तर झटके. हे दोन दिवसांपर्यंत चालू शकतं. जायपत्री म्हणजे त्याच फळातलं बीवरचं जाळीदार वेष्टन, त्यामुळे तिलाही हेच लागू.

आता येऊ मिरचीकडे, जिच्यावरून मी एवढा आरडाओरडा केला होता. मिरचीतलं कॅप्सेसिन खरं तर भाजत नाही, ते मज्जातंतूंना फसवतं. आपल्या आणि कुत्र्याच्याही नसांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक दार असतं, ते तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की उघडतं आणि मेंदूला कळवतं की चटका बसतोय. कॅप्सेसिन तेच दार थंड असतानाच उघडतं. हे १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधलं आणि पुढे २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामामुळे होता. पक्ष्यांमधलं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची आरामात खातो. कुत्रा सस्तन प्राणी, त्यामुळे त्याला चांगलंच झोंबतं. काही जण म्हणतात की कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या जेमतेम १७०० आणि माणसाच्या ९००० च्या घरात, म्हणून त्याला तिखट कमी लागतं. ते चूक आहे, तिखट ही चव नाहीच, ती वेदना आहे आणि चवीच्या कळ्यांशी तिचा संबंध नाही.

म्हणजे मिरचीने कुत्रा मरतो का? थोड्याशा मिरचीने नाही. लाळ, पंजाने तोंड चोळणं, उलटी, जुलाब, आणि बाहेर पडतानाही झोंबतं बिचाऱ्याला. धोका असतो तो पाणी कमी होण्याचा, खास करून पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून चमचाभर साधं दही चाटवलं तर बरं वाटतं, दूध मात्र पिल्लूपण संपलेल्या बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही म्हणून वाडगाभर दूध नको. पावडर नाकाडोळ्यांत गेली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा आधीच त्रास असतो, त्यांनी कुठलीही कोरडी पावडर हुंगली तर जास्त लक्ष ठेवा. मिऱ्यातलं पायपरिनसुद्धा हेच दार ठोठावतं, फक्त जरा हळू. मोहरीचा झोंबरेपणा वेगळ्या गंधकाच्या संयुगांमुळे असतो आणि ती जास्त गेली तर आतड्यांना चांगलीच सूज आणते, म्हणून मोहरी आणि मस्टर्ड सॉस लांबच बरे.

हळदीबद्दल लिहायचं म्हणजे प्रेमप्रकरणाबद्दल लिहिण्यासारखं आहे, कोणी ऐकून घेत नाही. हळद कुत्र्याला विषारी नाही, चिमूटभर जेवणात गेली तर काही बिघडत नाही. पण 'गोल्डन पेस्ट' करून रोज चमचे भरून देणारे लोक आहेत, सांधेदुखीसाठी. हळदीत करक्युमिन असतं फक्त ३ टक्क्यांच्या आसपास, त्यातलंही आतड्यातून फारच थोडं रक्तात शिरतं. म्हणून त्यात मिरपूड घालायची टूम निघाली, कारण १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात माणसांमध्ये पायपरिनसोबत करक्युमिनचं शोषण २० पट वाढलेलं दिसलं. पण पायपरिन ते करतं कसं, तर शरीराची बाहेरच्या गोष्टी निकामी करायची यंत्रणा मंद करून. मग कुत्र्याला दुसरं एखादं औषध चालू असेल तर त्याचंही प्रमाण रक्तात वाढू शकतं, हे पेस्टवाले कोणी सांगत नाहीत. आणि फायदा? २००३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत सांधेदुखीच्या कुत्र्यांना हळदीचा अर्क दिला, तपासणाऱ्या डॉक्टरांना एकूण बरं वाटतंय असं दिसलं, पण पाय जमिनीवर किती जोर देतोय ते मोजणाऱ्या यंत्रावर गोळीच्या नावाखाली काहीच न दिलेल्या कुत्र्यांपेक्षा ठोस फरक आला नाही. तर उपयोग शून्य असं मी म्हणणार नाही, पण दाव्यांच्या मानाने पुरावा बारीक आहे. हळदीत ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं, ज्या कुत्र्याला ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेलेत त्याला देऊ नका. रक्त पातळ करायच्या औषधांवर असलेला, पित्तनलिकेत अडथळा असलेला किंवा येत्या आठवड्यात ऑपरेशन ठरलेला कुत्रा असेल तर आधी विचारा. आलंही याच गटात बसतं. थोडंसं आलं मळमळीवर चालतं, प्रवासात उलटी करणाऱ्या कुत्र्यांना काही व्हेट सुचवतात, पण जास्त झालं तर पोटात आग, आणि ऑपरेशनच्या आधी नको.

दालचिनी. चिमूटभर पावडर पोटात गेली तर ठीक. पण बाजारात दालचिनी म्हणून दोन वेगळ्या साली मिळतात, एक श्रीलंकेची पातळ पापुद्र्यांची खरी दालचिनी आणि दुसरी जाड, कडक कॅशिया. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, खऱ्या दालचिनीत जेमतेम असतं, आणि हे कुमारिन जास्त दिवस, जास्त प्रमाणात गेलं तर यकृताला त्रास देतं. कुत्र्याच्या बाबतीत रोजचा धोका याहून साधा आहे, ती पावडर इतकी बारीक आणि कोरडी असते की डब्यात नाक घालून हुंगली की खोकला, ठसका, कधी श्वास अडकल्यासारखं होतं.

दालचिनी, लवंग, ओरेगॅनो यांची सुवासिक तेलं हा मात्र पूर्ण वेगळा विषय. पावडरीत एखादं द्रव्य थोडंसं असतं, तेलात तेच दाबून भरलेलं असतं. लवंगेच्या तेलाचा बराचसा भाग युजेनॉल, ते तोंडाची-पोटाची आतली त्वचा भाजू शकतं आणि जास्त गेलं तर यकृतावर जातं. दात दुखतोय म्हणून कुत्र्याच्या हिरडीला लवंगेचं तेल चोळणं, पिसवांसाठी अंगावर दालचिनीचं तेल लावणं, असले प्रयोग करू नका, अंगाला लावलेलं तो चाटणारच. गंमत म्हणजे वास ओळखायच्या स्पर्धांमध्ये कुत्र्यांना शोधायला जे वास देतात त्यात लवंग आणि बडीशेपेसारखी अॅनिस हे दोन असतात, पण तिथे बंद डबीतल्या कापसावर तेलाचा अंशमात्र असतो आणि कुत्रा तो फक्त हुंगतो, चाटत नाही.

जिरं, धणे, बडीशेप, वेलची, रोझमेरी, बेसिल हे सगळे नेहमीच्या स्वयंपाकातल्या प्रमाणात काही करत नाहीत, रोझमेरीचा अर्क तर डॉग फूड टिकावं म्हणून त्यात घालतात. खसखस ही अफूच्या झाडाचं बी, मूठभर देऊ नये. तमालपत्रासारखी कडक पानं पचत नाहीत, खूप खाल्ली तर आतड्यात अडकू शकतात.

आणि मसाल्यांच्याच फळीवर शेजारी काय काय असतं ते पण बघा. कोको पावडर, जी साध्या चॉकलेटपेक्षा कुत्र्याला कितीतरी जास्त घातक आहे. बेकिंग सोडा. झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ, ज्यात किलोमागे ०.१ ग्रॅमनेच रक्तातली साखर धाडकन खाली येऊ शकते. कुत्रा मसाले चोरायला फळीवर चढला तर तो लेबल वाचून चोरत नाही.

अजून एक गोष्ट, ताटातलं उरलेलं मसालेदार जेवण दिल्यावर कुत्रा आजारी पडला की दोष मसाल्याला मिळतो, पण बऱ्याच वेळा खरा गुन्हेगार त्यातलं तेल-तूप असतं. एकदम चरबीदार खाणं पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, पँक्रियाटायटिस. कुत्रा पाठ कमानीसारखी वर करून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही, उलट्या थांबत नाहीत. मसाला धुऊन दिला तरी हे टळत नाही.

बरं, खाऊन झालंच असेल तर काय? उरलेलं आधी कुत्र्यापासून काढून घ्या, पुडी किंवा डबा फेकू नका, घटकांच्या यादीचा फोटो काढा, किती उरलंय त्यावरून किती गेलं असेल याचा अंदाज बांधा, जास्तीत जास्त धरूनच बांधा. घड्याळ बघा. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि मग तुमचं एकट्याचं वजन वजा करा. हे घेऊन फोन करा, कुत्रा अगदी ठणठणीत दिसत असला तरी. उलटी काढायची की नाही हे व्हेट ठरवतात, त्यासाठी त्यांच्याकडे इंजेक्शन असतं आणि त्याचा उपयोग साधारण पहिल्या एक-दोन तासांतच होतो, म्हणून 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणत बसू नका. झोंबणाऱ्या तेलासारखा पदार्थ असेल तर उलटी काढणं उलट वाईट, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. फिट येत असेल, शुद्ध हरपत असेल तर फोनही नको, थेट उचलून न्या. कांदा-लसणाची केस असेल तर पुढचे चार-पाच दिवस रोज हिरड्या बघा आणि लघवीचा रंग बघा, व्हेट म्हणाले तर रक्त पुन्हा तपासा, एकदा नॉर्मल आलं म्हणून सोडू नका.

बंड्याच्या पुडीत कांद्याची पावडर होती, पण मिठानंतर बऱ्याच खाली, आणि तो २६ किलोचा धोंडा आहे, हिशेब करून व्हेट म्हणाले घरीच लक्ष ठेवा. दीड दिवस जुलाब झाले, बाकी काही नाही.

आता इतकं सगळं वाचून कोणी विचारेल की मग त्याचं जेवण बेचव नाही का लागणार? कुत्र्याच्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी ३० कोटींपर्यंत असतात, आपल्या साधारण ६० लाखांच्या तुलनेत. तो जेवण आधी नाकानेच जेवतो. त्यामुळे जेवायला नखरे करत असेल तर मसाला नको, वाडग्यात थोडं कोमट पाणी घालून जेवण जरासं गरम करा, वास सुटतो आणि बहुतेक कुत्रे लगेच तोंड घालतात. आमचा तर पाणी ओतायचा आवाज आला तरी येतो.